जावईबापूंची भूक

कुपी कारखान्यात राहिली, एवढंच काय ते घडलं होतं. करंगळीएवढी, तपकिरी काचेची, रबरी बुचाची कुपी. रोज संध्याकाळी ती जाकिटाच्या खिशात घालून तो घरी आणायचा आणि रोज सकाळी तिच्यातले थेंब जावईबापूंच्या वाडग्यात टाकून पुन्हा खिशात ठेवायचा. काल त्याने जाकीट बदललं, जुनं प्रयोगशाळेतल्या खुंटीवर राहिलं, आणि आज सकाळी हात खिशात गेला तेव्हा तिथे फक्त किल्ल्या आणि चुरगळलेला रुमाल होता. "राहू दे हो एक दिवस," बायको म्हणाली, "तुमच्या थेंबांवाचून कुणाचं अडलंय?" आणि तिने वाडगं तसंच खाली ठेवलं. उकडून बारीक केलेलं मांस, मऊ भात, भोपळ्याच्या फोडी आणि वर चमचाभर अळंबीची पूड, रोजचंच सगळं. जावईबापू गादीवरून उठले, पुढचे पाय लांबवून त्यांनी आळस दिला, आणि फरशीवर नखं वाजवत ते आले. वाडग्यावर नाक धरलं. मग नाक उचलून त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, लाडही नव्हता. दुकानात हवी ती वस्तू संपलीय हे कळल्यावर गिऱ्हाईक दुकानदाराकडे बघतं तसं ते बघणं होतं. मग ते वळले, गादीवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. "रुसले," बायको हसत म्हणाली. "सवय लावून ठेवलीत ना, आता भोगा आपल्या कर्माची फळं." तोही हसला. बूट घालताना ते हसू त्याच्या चेहऱ्यावर होतं. जिना उतरून खाली येईपर्यंत ते कुठे पडलं ते मात्र त्याला कळलं नाही.

जावईबापू म्हणजे लांब कानांचा, बदामी रंगाचा, आता तोंडाशी पांढरा झालेला कुत्रा. मुलीने तो पिल्लू असताना आणला आणि नोकरीसाठी दूर गेली तेव्हा आईबापांच्या गळ्यात बांधला. त्या दिवशी बायकोने कमरेवर हात ठेवून त्या पिल्लाकडे पाहिलं होतं. पिल्लाने सगळं घर हुंगलं, सगळ्यांत चांगली खुर्ची निवडली, तिच्यावर बसलं आणि आता काय देताय अशा नजरेने दोघांकडे पाहत राहिलं. "लग्न न करताच जावई आणून दिलान् पोरीने," बायको म्हणाली, आणि ते नाव चिकटलं. जावयासारखाच त्यांचा मान राहिला. त्यांना कुणी अरेतुरे केलं नाही. "जावईबापू, पाय उचला, केर काढायचाय." "जावईबापू, हे काही शोभतं का तुम्हाला?" मुलगी फोनवर आधी त्यांची चौकशी करायची, मग आईची, आणि वेळ उरला तर बापाची. बापाला त्याचं काही वाटत नसे. जावईबापूंशी त्याचं नातं निराळं होतं, एका धंद्यातल्या दोघांचं असतं तसं. दोघंही नाकावर जगत होते.

कारखान्यात त्याला नाककाका म्हणत. हे नाव थट्टेने पडलं आणि पुढे मानाचं झालं. त्याचं काम सांगायला सोपं होतं: कडू गोष्ट कडू लागू द्यायची नाही. उमेदीची सगळी वर्षं त्याने मुलांच्या खोकल्याच्या औषधात घालवली. कुठल्या कडूपणावर संत्रं चालतं, कुठल्यावर बडीशेप, कुठला कडूपणा जिभेच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि गोडवा उतरला की बाहेर येतो, हे त्याला पुस्तकांतून कळलं होतं आणि पुस्तकांपेक्षा जास्त आपल्या जिभेवरून. तो कारखाना बंद पडल्यावर अळंबीच्या कारखान्याने त्याला बोलावलं. मुलांऐवजी कुत्रे, एवढाच फरक. बसच्या खिडकीशी बसून तो आज नेहमीप्रमाणे रस्ता हुंगत चालला होता. ओल्या डांबराचा वास, मग बेकरीचा, मग शाळेच्या कोपऱ्यावर पेन्सिली तासल्याचा. आणि नेहमीप्रमाणे त्याला आपल्या नाकाबद्दल एक शांत खात्री वाटत होती. माणसाला जगात निदान एक गोष्ट नक्की येत असावी. त्याला ही येत होती. खरं म्हणजे ती त्याला आईने शिकवली, आणि तिच्या नकळत. लहानपणी तो तापाने पडला होता. आई मधाचं चाटण घेऊन आली, आणि मधाखाली काहीतरी होतं. आधी गोड, गोड, गोड, आणि मग घशाच्या दाराशी एक काळी, कडू, भुकटीसारखी चव, अंधारात पायरी चुकावी तशी. आईच्या तोंडावरचं हसू मात्र तसंच होतं. तेव्हापासून त्याने मध खाल्ला नाही. लग्नानंतर बायकोने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "मधावर माझा विश्वास नाही." ती ते अजून पाहुण्यांना सांगते. पण त्या चाटणातूनच त्याचा धंदा निघाला. आईला जमलं नाही ते आपण जमवायचं. मधाखालचं कडू शेवटपर्यंत कळता कामा नये.

मधाच्या पुढे त्या आठवणीत आणखी काहीतरी होतं. पलंगाची कड, आईची ओली बाही, कुणीतरी मोठ्याने हसल्याचा आवाज. पण बस थांब्याशी आली आणि ते राहून गेलं.

कारखाना बुटका, स्वच्छ आणि मातकट वासाचा होता. मागच्या खोल्यांत ओलसर उबेत लाकडाच्या भुशावर अळंबी वाढत. काही पंख्यासारख्या, रंगीत पट्ट्यापट्ट्यांच्या. काही पांढऱ्या, दाढीसारख्या लोंबणाऱ्या. आणि एक रेशी नावाची, लाकडासारखी टणक, लाख चढवल्यासारखी तांबूस चकचकीत. ही शेवटची साऱ्यांत कडू. वाळवून, उकळून, दळून तिची पूड झाली की ती चिमूटभर जिभेवर ठेवली तरी संध्याकाळपर्यंत माणूस आपल्या जिभेचा पत्ता विसरत नसे. आताच्या मालकीण म्हणजे धाकट्या बाई; त्यांचे वडील हा कारखाना चालवत तेव्हा अळंबी माणसांसाठी जायची. धाकट्या बाईंनी सूत्रं हातात घेतली आणि त्या कुत्र्यांकडे वळल्या. म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे, त्यांचं पोट, त्यांची रोगाशी लढायची ताकद, यांना हातभार. हातभार हा शब्द त्यांनी डब्यावर छापून घेतला होता आणि त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, की ही पूड औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. बाई तशा सरळ होत्या. नाव काय ठेवायचं यावर मात्र बैठक रंगली होती. "नाव शोधायला कशाला हवं?" नाककाका म्हणाले होते, "आपल्या भाषेत ते आधीपासून आहे. कुत्र्याची छत्री." बाई इतक्या हसल्या की चहा सांडला. नाव अर्थातच दुसरं, गुळगुळीत काहीतरी ठेवलं गेलं.

आज नव्या डब्याची चाचणी होती. चाचणीची रीत साधी: मागच्या अंगणात कुत्र्यापुढे दोन वाडगी ठेवायची, एकात पूड घातलेलं खाणं, एकात नुसतं, आणि आधी कुठे नाक जातं, कुठे परत येतं, काय उरतं ते पाहायचं. कुत्र्याला प्रश्न विचारायची तेवढीच पद्धत माणसाला ठाऊक आहे. अंगणातल्या कुत्र्यांत एक मावशी होती. काळी, आखूड पायांची, जन्मभर संशयी. नवं काहीही पुढे आलं की ती भोवती फिरायची, बाजूने हुंगायची, नाकाने वाडगं ढकलायची, आणि रेशीचा कण जरी असला तरी तोंड वळवून असं काही शिंकायची की बघणाऱ्याला लाज वाटावी. बाकीचे कुत्रे नाककाकांच्या वासांना केव्हाच वश झाले होते. मावशी राहिली होती. गेले कित्येक महिने तो तिच्यासाठी जागत होता म्हटलं तरी चालेल. भाजलेल्या यकृताचा वास, चीजच्या कडेचा वास, धुरावर धरलेल्या माशाचा वास, यांची वीण घट्ट करत करत. तीच वीण त्या तपकिरी कुपीत होती. घरी जावईबापू, कारखान्यात मावशी.

खुंटीवरच्या जाकिटातून कुपी काढून त्याने थेंब टाकले. मावशीला सोडलं. ती आली, थांबली, फिरली नाही. तिने सरळ पुडीच्या वाडग्यात तोंड घातलं आणि खाल्लं. वाडगं फरशीवर सरकत भिंतीला टेकलं तरी चाटत राहिली. धाकट्या बाई टाळ्या वाजवत पुढे आल्या. "जिंकलात, नाककाका! मावशीसुद्धा! आता आपल्याकडे नाही म्हणणारं कुणी उरलं नाही." माणसं हसली, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यालाही आनंद झाला, खोटं का बोला. पोटातून वर येणारा, ऊबदार, आयुष्यभराच्या कामाचा आनंद. आणि त्या आनंदाच्या मधोमध, मधाखालच्या भुकटीसारखं, ते आलं. नाही म्हणणारं कुणी उरलं नाही. मावशी वाडग्यावरून मान वर करून पाहत होती. तिच्या ओठाला तपकिरी पूड लागली होती, जी तिने कालपर्यंत शिंकून उडवली असती, आणि तिच्या डोळ्यांत थोडा गोंधळ होता, आपण काय खाल्लं ते आठवत नसल्यासारखा. त्याच वेळी ती ओली बाही त्याला पुन्हा दिसली. तापाचे दिवस. तो पडून असायचा आणि आई देईल ते गिळायचा, पाणी म्हणा, पेज म्हणा, चाटण म्हणा, काही म्हणा, आणि आई शेजारणीला हळू आवाजात सांगायची, "देईन ते मुकाट्याने घेतोय गं. मला भीती वाटते." मग तो एक दिवस. गोड, गोड, आणि कडू. आणि त्याने ते सगळं आईच्या बाहीवर थुंकलं. मोठ्याने हसली ती आईच होती! तिने त्याचं तोंड पुसलं नाही, बाही पुसली नाही, तशीच दारात गेली आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, "थुंकला गं! नाही म्हणाला! ताप उतरला बघ." हे इतकी वर्षं कुठे होतं? त्याने मध तेवढा जपून ठेवला होता, आणि हसणारी बाई हरवून टाकली होती.

"काका, काय झालं?" बाई विचारत होत्या. "काही नाही," तो म्हणाला. "मला घरी जायला हवं."

बसमध्ये त्याने कुपीचं बूच उघडलं आणि नाकाशी धरलं, आणि पहिल्यांदा तो वास त्याला कुणा तिऱ्हाइताने बनवल्यासारखा वाटला. उत्तम काम होतं. त्यात फट म्हणून नव्हती. थेंब आधी किती पडायचे? सुरुवातीला नुसता वास दाखवला तरी पुरायचं, कुपीचं तोंड वाडग्याच्या काठाला लावलं तरी. मग एखादा थेंब. मग पावसाळी हवा आहे म्हणून आणखी. मग मांस जरा जास्त शिजलंय म्हणून आणखी. प्रत्येक वेळी कारण होतं आणि प्रत्येक वेळी कारण वाडग्यात होतं. जावईबापूंच्या पोटात ते असू शकेल हे त्याच्या मनाला शिवलंच नाही. मुळात जावईबापू कधीच हावरे नव्हते. आवडीचं खायचे, नावडतं बाजूला सारायचे, भोपळ्याची सालं काढून गादीखाली लपवायचे. अलीकडे ते सगळं खात होते. वाडगं लखलखीत असे. आणि मागच्या महिन्यात लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं होतं, "थोडे उतरल्यासारखे वाटतात. भूक कशी आहे?" आणि तो छाती फुगवून म्हणाला होता, "उत्तम. चाटूनपुसून." "मग वयानं असेल," त्या म्हणाल्या होत्या. "खातायत ना, मग काळजी नको." बस सिग्नलला उभी राहिली. शेजारच्या बाईंनी त्या वासाकडे नाक मुरडून पाहिलं तेव्हा त्याने बूच लावलं आणि कुपी मुठीत धरून ठेवली. त्याला भीती वाटत होती, पण त्या भीतीत चाचपडणं नव्हतं. एखादा वास ओळखीचा आहे, नाव तेवढं ओठांवर यायचं आहे, अशा वेळी त्याचं मन जसं स्थिर होई, तसं ते आता स्थिर होतं.

घरी बायको वाडग्याशी बसली होती. तिने मांस नवं उकडलं होतं, हाताने भरवायला पाहिलं होतं, बोटांना भात लागलेला होता. "बरं झालं आलात. सकाळपासून पाण्यावर आहेत. आणली ना कुपी? टाका, टाका चार थेंब." तो खाली फरशीवर बसला. गुडघे वाजले. त्याने कुपी काढली आणि मागे, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. "अहो?" "नाही टाकणार." "का? हट्ट कसला हा? मुका जीव उपाशी बसलाय आणि तुम्ही…" "ते उपाशी नाहीत. त्यांना भूक नाही." "तेच ते." "तेच ते नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजातलं काहीतरी ऐकून ती थांबली. मग मऊ आवाजात म्हणाली, "एवढी अळंबी पोटात गेलीय त्यांच्या. तुमच्याच कारखान्याची. काही होणार नाही त्यांना. तुम्हीच म्हणता ना, चांगली असते?" "असते चांगली. पण ती हातभार लावते. ती डॉक्टर नाही, आणि मीही नाही." त्याने जावईबापूंच्या बरगड्यांवर हात ठेवला, मग हळूहळू खाली, पोटाकडे. जावईबापूंनी मान वळवून त्याचा हात चाटला, आणि तो हात डाव्या बाजूला एका जागी आला तेव्हा चाटणं थांबवून नुसता तोंडात धरला. दात लावले नाहीत. फक्त धरला. दार अडवायला ठेवलेल्या हातासारखा. "दुखतं का हो, जावईबापू?" बायकोने विचारलं, आणि तिच्या प्रश्नाला उत्तर येईल की काय असं क्षणभर दोघांनाही वाटलं. "मी शाल आणते," ती म्हणाली. "तुम्ही रिक्षा बघा."

दवाखान्यात ती दार उघडतानाच बोलू लागली, घाबरली की तिचं असं होई. "डॉक्टर, कालपर्यंत सगळं छान होतं हो. खाणंपिणं उत्तम, ताट चाटूनपुसून. आज एकदमच…" डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केसांत पेन खोचलेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी जावईबापूंचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. "म्हणजे भूक कालपर्यंत चांगली होती." "हो ना," बायको म्हणाली. "नाही," तो म्हणाला. दोघी त्याच्याकडे वळल्या. टेबलावर जावईबापूंचे पाय थरथरत होते, आणि भिंतीवरच्या आरशात त्याला स्वतःचं मोठं, लाल, नावाजलेलं नाक दिसलं. "ती भूक त्यांची नव्हती," तो म्हणाला. "माझी होती. मी वासाचं काम करतो. ते कितीतरी दिवसांपासून नको म्हणत असणार, आणि मी त्यांचं नको झाकत होतो. दर आठवड्याला थोडं जास्त. मागच्या वेळी मी तुम्हाला सांगितलं ते चूक होतं. असं समजा की त्यांची भूक जाऊन महिना उलटलाय, आणि मग बघा." डॉक्टरीणबाई रागावतील असं त्याला वाटलं, आणि रागावल्या असत्या तर चाललं असतं. पण त्यांनी केसांतलं पेन काढून टेबलावर ठेवलं, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि पोट तपासायला घेतलं. सावकाश, डोळे मिटून, जसं तो एखादा वास घेई. "काकू, यांचं डोकं धरा," त्या म्हणाल्या. "काका, तुम्ही माझ्याबरोबर या. सोनोग्राफी करू. आत्ताच."

पडद्यावर राखाडी धुकं होतं आणि धुक्यात एक गोल, गडद काहीतरी. पोटात डाव्या बाजूला, प्लीहेवर गाठ. डॉक्टरीणबाईंनी बोटाने तिची कड दाखवली. कशाची आहे ते काढून तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. वाईट असेल तर वाईट. वाईट नसेल तरी ती फुटली तर पोटात रक्त जाऊन काही तासांत सगळं आटपलं असतं. "भूक जाणं ही यांची एकच तक्रार असते पुष्कळदा," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी काढते. आज ठेवून जा." बायकोने शाल टेबलावरच ठेवली, त्यांना तिचा वास राहावा म्हणून. बाहेर आल्यावर ती रडली नाही. म्हणाली, "पोरीला तुम्ही सांगा. मला जमायचं नाही." त्याने फुटपाथवर उभं राहून फोन लावला आणि सगळं सांगितलं, थेंबांसकट. मग मुलगी म्हणाली, "बाबा, कुपी काल घरी आणली असतीत, तर?" "तर ते आजही जेवले असते," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया चालली होती त्या वेळी तो धाकट्या बाईंसमोर बसला होता. दवाखान्यात बसून करायचं काय होतं? बायको तिथे होती, तिनेच त्याला हाकललं होतं, "तुमचं ते पाय हलवणं बघवत नाही मला." बाईंच्या टेबलावर नवा डबा होता, झाकणावर सोनेरी कुत्रा हसत होता. त्याने सांगायचं ते सांगितलं. "म्हणजे," बाई हळूहळू म्हणाल्या, "कुत्र्यांनी आपली पूड नाकारावी, असं तुम्हाला हवंय?" "नाकारता यावी, असं हवंय. बऱ्या कुत्र्याने खावी, आवडीने खावी, तेवढा वास देऊ. पण ज्याला अन्नच नकोय त्यालासुद्धा खायला लावील एवढा नाही. जेवढा मी काल मावशीला दिला, तेवढा नाही." "काका, कालच टाळ्या वाजवल्या आपण." "वाजवल्या. छान वाटलं मला." "लोक म्हणतील, आमचा कुत्रा खात नाही, डबा परत घ्या." "तेव्हा आपण विचारायचं, नुसतं खाणं खातो का? तेही खात नसेल तर डॉक्टरकडे न्या. डब्यावर छापू. हातभार शब्दाच्या खाली जागा आहे." बाईंनी डबा उचलून फिरवला. "वडील असते तर म्हणाले असते, नाककाका म्हातारे झाले." "झालोच आहे," तो म्हणाला. "पण नाक झालेलं नाही. पुढचा वास मी विरळ बांधणार आहे, बाई. तुम्हाला दाट हवा असेल तर दुसरं नाक बघावं लागेल." आपण असं बोललो याचं त्यालाच नवल वाटलं, आयुष्यात त्याने कुणाला असं सुनावलं नव्हतं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग एकदम हसल्या. "दुसरं नाक कुठून आणू, काका? जा आता. फोन वाजतोय तुमचा."

जावईबापू त्यातून सुखरूप निभावले होते. गाठीचा अहवाल यायला काही दिवस लागले, आणि त्या दिवसांत जावईबापू गळ्यात प्लास्टिकचा मोठा कर्णा घालून घरभर दारांना धडकत हिंडले. "लाऊडस्पीकर लावलाय जावयाला," बायको म्हणायची, "आता निदान ऐकू तरी येईल, बोलतात ते." पहिले दोन दिवस ते बोटावरचं पाणी तेवढं चाटत. तो शेजारी फरशीवर बसून असे. कुपी वरच्या फळीवर होती. बायकोची नजर तिच्याकडे जाई आणि परत येई, मग एकदा ती स्टुलावर चढली, कुपी उचलली, आणि ती हात लांबवून त्याच्याच खिशात टाकत म्हणाली, "न्या ही. इथे असली की मला मोह होतो." मग अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला: गाठ वाईट नव्हती, पण कड इतकी पातळ झाली होती की उड्या मारून रिक्षात चढले असते तरी फुटली असती. "वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या. त्याने ते शब्द बायकोला सांगितले. मुलीलाही सांगितले. स्वतःला सांगताना मात्र वेळेवर हा शब्द त्याने गाळला.

पूड पुन्हा सुरू करायला हरकत नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या; उपयोग होईल याची हमी मी देत नाही, पण द्यायची तर द्या. म्हणून त्या सकाळी, ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत आलेलं असताना, बायकोने वाडगं भरलं. मांस, मऊ भात, भोपळ्याच्या फोडी, आणि मधोमध चमचाभर पूड, नुसती, तिच्या सगळ्या कडूपणासकट. कर्णा काढला. जावईबापूंनी आधी मान झाडली, कान फडफडवले, मग वाडग्याशी आले. नाक धरलं. त्याने श्वास धरला आहे हे त्याला बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं. जावईबापू काठावरून सुरुवात करून खाऊ लागले. डावीकडून मांस, मागून भात, मग नाकाने वाडगं फिरवून पलीकडचा भात. भोपळ्याची एक फोड उचलली, सालासकट चघळली आणि साल फरशीवर काढून ठेवली. त्यांना घाई नव्हती. वाडग्याचा तळ दिसू लागला, गोल, लखलखीत, आणि मधोमध तपकिरी पुडीचा ढीग जसाच्या तसा उभा राहिला, एक कणही न हललेला. जावईबापूंनी त्याच्यावर नाक नेलं, आणि इतक्या जोराने शिंकले की निम्मी पूड त्याच्या शर्टाच्या बाहीवर आली. मग त्यांनी वर पाहिलं, आणखी भात आहे का, अशा नजरेने.

"अरे देवा! कारखान्याची इज्जत घालवली जावयाने," बायको ओरडली, आणि फडकं घेऊन धावली. "नको पुसूस," तो म्हणाला. तो हसत होता, इतका मोठ्याने, की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून वर बघून काय झालं म्हणून विचारलं. बाही तशीच पुढे धरून तो खिडकीशी गेला. "शिंकले!" त्याने खाली सांगितलं. "नको म्हणाले!"